वजाबाकीतून घडलेला संगणक

जून जवळ आला, की पालक शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. "घरी मुलांसाठी संगणक घ्यायचा आहे. फार महाग नको, जागाही कमी आहे. कोणता घ्यावा?" प्रश्न साधा आहे, पण विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो लहान नसतो. अनेक घरांत या खरेदीत कित्येक महिन्यांची शिल्लक जाते. निवड चुकली, तर दुसरा संगणक घेण्याची ऐपत पुढे बरीच वर्षे येत नाही.

दुकानात या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. इतके गिगाबाइट, इतके गिगाहर्ट्झ, इतके इंच. संगणकात जे नाही, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. गंमत अशी, की घरगुती वापराच्या स्वस्त, छोट्या संगणकाचा सगळा इतिहास या नसलेल्या गोष्टींचाच आहे. प्रत्येक पिढीत कुणीतरी विचारले, "यातून काय काढून टाकता येईल?" काहींची वजाबाकी बरोबर आली आणि त्यांचे संगणक घराघरांत पोचले. काहींनी काढू नये ते काढले. हा इतिहास समजून घेतला, तर पालकांना उत्तर देणे पुष्कळ सोपे होते.

घरातला टीव्ही, घरातला टेपरेकॉर्डर

१९७७ साली अमेरिकेत घरी नेऊन लगेच वापरता येतील असे तीन संगणक बाजारात आले. ॲपल-२ ची किंमत १,२९८ डॉलर होती, ८ किलोबाइट मेमरीच्या कमोडोर पेटची ७९५ डॉलर, आणि टीआरएस-८० हा संगणक पडद्यासह सुमारे ६०० डॉलरला मिळत असे. मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंबालाही हा खर्च जड होता.

ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाने याआधी खिशात मावणारे गणनयंत्र स्वस्तात विकून नाव मिळवले होते. १९८० च्या सुरुवातीला त्याच्या कंपनीने झेडएक्स-८० हा संगणक आणला. तयार संगणक ९९.९५ पौंडांना आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा असेल तर ७९.९५ पौंडांना. शंभर पौंडांच्या आत मिळणारा ब्रिटनमधला हा पहिला संगणक.

ही किंमत कशी साधली? पडदा काढून टाकला, कारण घरात टीव्ही होताच. माहिती साठवण्याची डिस्क काढून टाकली, कारण घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. आज्ञावली चर्रर्र आवाजाच्या रूपात कॅसेटवर नोंदवायची आणि पुन्हा वाजवून संगणकात भरायची. उठावदार कळांचा कळफलक काढून त्या जागी प्लॅस्टिकचा सपाट पापुद्रा बसवला.

सर्वांत धाडसी वजाबाकी आत होती. टीव्हीवर चित्र उमटवण्यासाठी सेकंदाला ५० वेळा पडदा नव्याने रेखावा लागतो. त्यासाठी इतर संगणकांत वेगळे परिपथ असत. सिंक्लेअरच्या अभियंत्यांनी हे काम मुख्य प्रक्रियकाच्याच गळ्यात मारले. परिणाम असा झाला, की संगणक आकडेमोड करू लागला की चित्र रेखायला कुणी उरत नसे आणि पडदा कोरा होई. नुसती एक कळ दाबली तरी चित्र थरथरे. एकच शिक्षक फळ्यावर लिहितो आहे आणि वह्याही तपासतो आहे, अशी कल्पना केली की हा प्रकार लक्षात येईल.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८१ मध्ये, झेडएक्स-८१ आला. किंमत आणखी उतरली. तयार संगणक ६९.९५ पौंड, सुटे भाग ४९.९५ पौंड. झेडएक्स-८० मध्ये २१ चिप होत्या, यात फक्त ४. फेरांटी या कंपनीच्या एका चिपने आधीच्या १८ चिपचे काम उचलले. या चिपची युक्ती शिक्षकांना चटकन कळेल. छापखान्यात हजेरीपुस्तके एकाच नमुन्याची, कोऱ्या रकान्यांची छापतात. नावे प्रत्येक शाळा आपापली भरते. तसेच या चिपवर शेकडो साधी तर्कद्वारे आधीच तयार असत. ती एकमेकांना कशी जोडायची, हा धातूचा शेवटचा थर तेवढा गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे घातला जाई. संपूर्ण चिप नव्याने बनवण्याचा खर्च त्यामुळे वाचे.

या संगणकात मेमरी होती १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट. आजच्या संगणकांत देवनागरीतले एक चिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने १ किलोबाइटमध्ये ३४० च्या आसपास चिन्हे मावतील. तुम्ही वाचत असलेला हा परिच्छेददेखील त्यात पुरा बसणार नाही. तेवढ्या जागेत मुलांची आज्ञावली, तिच्यातले आकडे आणि पडद्यावरचा मजकूर, सगळे सामावायचे होते. पडद्यावर ३२ अक्षरांच्या २४ ओळी मावत. त्या भरल्या तर पाऊण किलोबाइट त्यातच संपे! म्हणून ओळ जिथे संपेल तिथपर्यंतच मेमरी वापरायची, पुढची कोरी जागा साठवायचीच नाही, अशी सोय केलेली होती.

एवढ्या अडचणी असूनही हा संगणक १५ लाखांहून अधिक खपला. १९८२ मध्ये सिंक्लेअरने रंगीत चित्रे दाखवणारा स्पेक्ट्रम आणला. त्याच्या स्पेक्ट्रम प्लस या सुधारित आवृत्तीची भारतातही, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीमार्फत, परवान्याने निर्मिती झाली.

लोकांनी या अडचणी का सोसल्या? किंमत हे एक कारण, पण ते एकटे पुरेसे नाही. या यंत्राला विजेची वायर जोडली, की क्षणात पडद्यावर एक चौकोन येई आणि तुमच्या आज्ञेची वाट पाही. खेळायचे असले, हिशेब करायचा असला, तरी आधी संगणकाशी त्याच्या भाषेत, बेसिकमध्ये, दोन शब्द बोलावे लागत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संगणकाची मूळ आज्ञावली पुसता न येणाऱ्या चिपमध्ये कोरलेली होती. मुलाने काहीही चुकीचे लिहिले, सगळे अडकून बसले, तरी वायर काढून पुन्हा लावली की यंत्र पहिल्यासारखे स्वच्छ. मुलाच्या हातून ते बिघडणे जवळजवळ अशक्यच होते. या गुणाची नोंद कुठल्याच जाहिरातीत नव्हती. तो आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्याचीच वजाबाकी होणार आहे.

ज्याने फारसे वगळले नाही

त्याच वेळी ब्रिटनमध्ये दुसरी वाटही चोखाळली जात होती. बीबीसीने संगणक-साक्षरतेची मोहीम हाती घेतली होती. दूरचित्रवाणीवर मालिका दाखवायची आणि तिच्या जोडीला एक संगणक उपलब्ध करायचा, अशी ती योजना. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला हे काम मिळाले आणि डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला. त्याची दोन रूपे होती, मॉडेल ए आणि मॉडेल बी. किंमती लवकरच २९९ आणि ३९९ पौंडांवर स्थिरावल्या. झेडएक्स-८१ च्या चौपट-पाचपट.

या जादा पैशांत मिळत होते काय? खऱ्या कळांचा भक्कम कळफलक, मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट मेमरी, उत्तम बेसिक, आणि मागे-खाली बाहेरच्या जगाशी जोडणी करण्याच्या कितीतरी जागा. त्यांना तापमापक जोडता येई, मोटर फिरवता येई, दुसरा प्रक्रियकही जोडता येई. शाळेच्या प्रयोगशाळेला हे वरदान होते. ब्रिटिश सरकारने शाळांना संगणकाची निम्मी किंमत देण्याची योजना आणली. एकूण १५ लाखांच्या आसपास बीबीसी मायक्रो खपले. घराने झेडएक्स-८१ घ्यावा आणि शाळेने बीबीसी मायक्रो, अशी विभागणी जणू आपोआप झाली.

याच संगणकाचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शालेय संगणक-साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुमारे २५० शाळांमध्ये सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडले. पुढे राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत असे सुमारे १२,००० संगणक वाटले गेले. शाळांना मदत करण्यासाठी संसाधन केंद्रे नेमली होती. १९९३ नंतरच्या टप्प्यात मात्र बीबीसी मायक्रो मागे पडले, आणि त्यांच्याबरोबर संसाधन केंद्रांची भूमिकाही संपवण्यात आली. यंत्र जुने झाले म्हणून बदलणे समजू शकते. शिक्षकाने अडचण आली तर कुणाकडे जायचे, ते ठिकाणही खर्चाच्या यादीतून गेले. संगणकाच्या किंमतीतून काय वगळले जाते, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

प्लॅस्टिकच्या वेष्टणासाठी

आता एक वेगळा धागा. बीबीसी मायक्रोच्या यशानंतर एकॉर्नला अधिक वेगवान प्रक्रियक हवा होता. बाजारातले प्रक्रियक त्यांना पसंत पडेनात. तेव्हा सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो स्वतःच घडवायला घेतला. हातात माणसे थोडी, पैसा थोडा. म्हणून त्यांनी प्रक्रियकाला कळणाऱ्या आज्ञा मोजक्या आणि साध्या ठेवल्या. विल्सन यांनी या आज्ञांची पहिली चाचणी बीबीसी मायक्रोवर, बेसिकमध्ये आज्ञावली लिहून केली. म्हणजे शाळेसाठी बनवलेल्या संगणकावर पुढच्या काळाच्या चिपची तालीम झाली.

खर्चाची आणखी एक अट होती. चिप जास्त तापली, तर तिला सिरॅमिकचे महाग वेष्टण लागते. स्वस्त प्लॅस्टिकचे वेष्टण हवे असेल, तर वीजवापर सुमारे १ वॉटच्या आत राहायला हवा. इतका कमी वापर आधी अचूक मोजण्याची साधने नसल्याने त्यांनी सगळीकडे हात राखूनच आखणी केली. २६ एप्रिल १९८५ रोजी तयार चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते, तर त्याच काळातल्या इंटेलच्या ८०२८६ या प्रक्रियकात १,३४,०००. वीजवापर निघाला सुमारे ०.१ वॉट. चाचणीत तर एक विचित्र गोष्ट दिसली. चिप चालू होती आणि वीज मोजणारा मापक शून्य दाखवत होता. शोध घेतल्यावर कळले, की विजेची मुख्य जोडणीच झालेली नव्हती. संदेशाच्या तारांमधून जी किंचित वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती काम करत होती!

हाच आर्म प्रक्रियक. कमी वीज खाण्याचा त्याचा गुण टेबलावरच्या संगणकासाठी त्या वेळी फारसा मोलाचा नव्हता. तो हवा होता केवळ वेष्टणावरचे पैसे वाचवण्यासाठी. पुढे मोबाईल फोन आले आणि तोच गुण लाखमोलाचा ठरला. आज तुमच्या खिशातल्या फोनमधला प्रक्रियक त्याच घराण्यातला आहे.

डबा लहान होतो, झाकण बंद होते

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या नमुन्याने पुढची दोन दशके गाजवली. घरात आता टीव्हीला जोडायच्या यंत्राऐवजी मोठा उभा डबा, जड पडदा आणि आतल्या पंख्याची घरघर आली. हा संगणक सर्वगुणसंपन्न होता, पण महाग होता. म्हणून घरात एकच असे. त्यात वडिलांचे हिशेब, ताईचा प्रकल्प, सगळ्यांचे फोटो. चुकीची फाइल पुसली, तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. अशा यंत्राबद्दल मुलांना घरात मिळणारी पहिली सूचना कोणती असणार? "कशालाही हात लावू नकोस." झेडएक्स-८१ मधला तो न छापलेला गुण, बिघडवण्याची मुभा, इथे वजा झाला.

दरम्यान डबा लहान होऊ लागला. हा बदल वर्गात कागद कापून दाखवता येतो. १९९५ पासून रूढ झालेल्या एटीएक्स प्रकारच्या मुख्य फलकाची मापे ३०.५ सेंमी बाय २४.४ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७४४ चौसेंमी. ए-४ आकाराच्या कागदापेक्षा मोठे. २००१ मध्ये व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स हा १७ सेंमी बाजूचा चौरस फलक आणला. क्षेत्रफळ २८९ चौसेंमी. इंटेलने २०१२-१३ मध्ये एनयूसी नावाचे छोटे संगणक आणले. त्यांचा फलक सुमारे १० सेंमी बाजूचा, १०० चौसेंमीच्या थोडा वर. मूळ फलकाच्या सातव्या हिश्श्यात संगणक मावला.

या सर्वांत लोकांच्या नजरेत भरला तो जानेवारी २००५ मधला ॲपलचा मॅक मिनी. साडेसोळा सेंमी बाजूचा, ५ सेंमी उंचीचा डबा, किंमत ४९९ डॉलर. त्यात पडदा, कळफलक आणि माउस नव्हते. ते तुमचे तुम्ही आणायचे. सिंक्लेअरची जुनी युक्ती नव्या कपड्यांत परत आली होती.

आतली वजाबाकी कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. वीज बदलून देणारा भाग डब्याबाहेर, लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरमध्ये गेला. सीडीचा कप्पा गेला. जादा कार्ड बसवायच्या खाचा गेल्या. मेमरीच्या पट्ट्या लॅपटॉपच्या आल्या, आणि काही संगणकांत तर मेमरी मुख्य फलकावर कायमची डाखलेली आली. अशी मेमरी पुढे वाढवता येत नाही. मोठा पंखा गेल्याने प्रक्रियकालाही कमी तापण्याचे पथ्य आले. २०१२ नंतर मोठ्या कंपन्यांनी कार्यालयांसाठी सुमारे १ लिटर घनफळाचे छोटे डेस्कटॉप विकायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटलीएवढ्या घनफळात पूर्ण संगणक.

पुन्हा उघडा फलक

केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खटकत होती. संगणकशास्त्रासाठी येणारे अर्जदार कमी होत होते. जे येत, त्यांनी संगणक पुष्कळ वापरलेला असे, पण प्रोग्रॅम फारसे लिहिलेले नसत. आधीच्या पिढीचे विद्यार्थी बीबीसी मायक्रो आणि स्पेक्ट्रमवर हात साफ करून आलेले असत. मुलांना पुन्हा स्वतःचे, बिघडवता येण्याजोगे यंत्र द्यावे, या विचारातून रास्पबेरी पाय जन्माला आला.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याची विक्री सुरू झाली. मॉडेल बी ची किंमत ३५ डॉलर. २५ डॉलरचे मॉडेल ए नंतर आले. ही नावे मुद्दाम बीबीसी मायक्रोवरून घेतलेली, आणि आतला प्रक्रियकही त्याच आर्म घराण्यातला. पहिली तुकडी १०,००० फलकांची होती. मागणी इतकी आली, की विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली. पुढच्या दहा वर्षांत चार कोटींहून अधिक फलक विकले गेले.

पायचे आकारमान बँकेच्या कार्डाएवढे. क्षेत्रफळ सुमारे ४८ चौसेंमी. वजाबाकी किती कडक होती? डबी नाही, ॲडॉप्टर नाही, पडदा नाही, कळफलक नाही, साठवणीची डिस्क नाही. बॅटरीवर चालणारे छोटे घड्याळसुद्धा नाही. वीज गेली की पायला वेळ कळत नसे. तो इंटरनेटवरून तारीख-वार विचारून घेई. ज्या गावात इंटरनेट नाही, तिथे त्याची तारीख चुकलेलीच राही. केंब्रिजमध्ये बसून वगळलेली ही गोष्ट दुसरीकडे कुणीतरी भरून काढावी लागते. घड्याळाची सोय मुख्य फलकावर आली ती २०२३ च्या पाय-५ मध्ये, आणि त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

पण एक गोष्ट परत आली होती. पायची सगळी आज्ञावली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. मुलाने ती पार उद्ध्वस्त केली, तरी कार्ड पुन्हा लिहून घेतले की यंत्र नवे. एक कार्ड प्रयोगाचे, एक कार्ड अभ्यासाचे, असेही ठेवता येते. आमच्या प्रयोगशाळेत तापमान आणि आर्द्रतेची रात्रभर नोंद ठेवायला असाच एक फलक आहे. नवे विद्यार्थी त्यावर आधी हात चालवून बघतात. महागड्या उपकरणाजवळ गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी धास्ती दिसते, ती इथे दिसत नाही.

स्वस्त यंत्र पुरेसे आहे का?

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेने १०० डॉलरच्या संगणकाचे स्वप्न पाहिले होते. २००७ मध्ये प्रत्यक्ष यंत्र तयार झाले, तेव्हा त्याची किंमत १८० डॉलरच्या वर गेली. यंत्र कल्पक होते. कडक उन्हात वाचता येणारा पडदा, अत्यल्प वीजवापर. त्याच वर्षी आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेतही हे लॅपटॉप मुलांच्या हाती आले.

या योजनेचा सर्वांत मोठा प्रयोग पेरू देशात झाला. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शाळेला यंत्रे द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. सुमारे १५ महिन्यांनंतर लॅपटॉप मिळालेल्या शाळांतल्या मुलांचा संगणक-वापर खूप वाढला होता. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. तर्कशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा आढळली. यंत्र आणून ठेवल्याने शिकणे आपोआप होत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आता ते आकड्यांनीही सिद्ध झाले आहे. यंत्राची किंमत कमी करताना त्याच्याशेजारी बसणाऱ्या माणसाला वगळले, तर ती वजाबाकी चुकते.

पालकांना काय सांगावे?

इतक्या इतिहासानंतर मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकांच्या किंमती महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून इथे कोणत्याही एका यंत्राची शिफारस करत नाही. पण चार प्रश्न मात्र खरेदीआधी कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत.

पहिला प्रश्न, यात काय नाही आणि ते आपल्या घरी आहे का? एचडीएमआय जोडणीचा टीव्ही असेल, तर सुरुवातीला पडदा विकत घ्यावा लागणार नाही. मात्र टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असतो, अभ्यासाच्या वेळी तो मिळेल का, हेही ठरवावे. नुसता फलक घेणार असाल, तर ॲडॉप्टर, कार्ड, डबी, केबल, कळफलक आणि माउस यांची बेरीज करावी. कधी कधी ही बेरीज कार्यालयातून बाहेर पडलेल्या, वापरलेल्या १ लिटरच्या संगणकाच्या किंमतीला गाठते. तो संगणक रोजच्या लिखाण-वाचनाला अधिक वेगवानही असतो. तारा जोडून दिवे लावायचे, संवेदक बसवायचे, असे प्रयोग करायचे असतील, तर उघड्या फलकाला तोड नाही.

दुसरा प्रश्न, यात पुढे काय वाढवता येईल? मेमरीची पट्टी आणि साठवणीची डिस्क बदलता येते का, हे दुकानात झाकण उघडून दाखवायला सांगावे. वापरलेला संगणक घेताना प्रक्रियकाची पिढी विचारावी. विंडोज-१० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज-११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रक्रियक लागतो. त्याआधीची यंत्रे स्वस्तात मिळतात ती यामुळेच. त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालते. केरळमधल्या सरकारी शाळांनी ते वर्षानुवर्षे वापरून दाखवले आहे.

तिसरा प्रश्न, वीज किती लागेल? समजा, जुना मोठा डबा ८० वॉट घेतो आणि छोटा संगणक १५ वॉट. रोज ४ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १,२०० तास. पहिल्याला ९६ युनिट लागतील, दुसऱ्याला १८. पाच वर्षांत ३९० युनिटांचा फरक. घरच्या वीजबिलावरचा दर लावून हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करून घ्यावा. फुकट मिळालेला जुना संगणकही खरोखर फुकट असतो का, हे त्यांना त्यातून कळेल.

चौथा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तो दुकानदाराला नव्हे, पालकांनी स्वतःला विचारायचा. हे यंत्र मुलाने बिघडवलेले चालेल का? घरातली कागदपत्रे आणि फोटो वेगळ्या जागी सुरक्षित ठेवले, मूळ आज्ञावली पुन्हा भरण्यासाठी एक पेनड्राइव्ह किंवा कार्ड तयार ठेवले, तर कोणत्याही छोट्या संगणकाला ही मुभा देता येते. त्याला जादा पैसे पडत नाहीत. एक सुट्टीची दुपार पडते. शाळेत एखाद्या शिक्षकाने मुलांना आज्ञावली पुन्हा भरण्याची कृती एकदा करून दाखवली, तर पन्नास घरांतली भीती एका तासात कमी होईल.

सिंक्लेअरने टीव्ही वगळला, कारण तो घरी होता. अप्टनने डबी वगळली, कारण तिच्यावाचून अडत नव्हते. आपल्या खरेदीतही काय वगळायचे, ते खुशाल ठरवू. मुलाच्या हातातला पेचकस मात्र त्या यादीत असू नये.